थांबू नये अशी फेरी : डान्स म्युझिकमध्ये स्केल आणि कॉर्ड्स कशा वापराव्यात

हाऊस, ट्रान्स किंवा टेक्नो यांपैकी कोणत्याही प्रकारचा ट्रॅक घेतला, तरी त्यातील कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची, मांडणी बहुधा चार किंवा आठ बारची (बार म्हणजे चार ठोक्यांचे माप) असते आणि तीच पाच-सहा मिनिटे फिरत राहते. १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या, वेगाला एक बार १.८७५ सेकंदांचा होतो; म्हणजे आठ बारची फेरी बरोबर १५ सेकंदांत पुरी होते आणि सहा मिनिटांच्या ट्रॅकमध्ये ती २४ वेळा येऊ शकते. भावगीतात ध्रुवपदाशी परतताना कॉर्ड्स जशा ठामपणे मुक्कामाला पोहोचतात, तशा त्या येथेही पोहोचू लागल्या, तर ऐकणाऱ्याला दर १५ सेकंदांनी गाणे संपल्यासारखे वाटेल. नाचणाऱ्याला थांबण्याची सूचना मिळू नये, ही या संगीताची पहिली गरज आहे आणि स्केल (निवडलेल्या स्वरांचा संच), कॉर्ड, बेस (सर्वांत खालचे सूर) यांविषयीचे बहुतेक निर्णय तिच्यातूनच निघतात. पुढील विवेचनात वाचकाला पियानो रोलमध्ये नोटा मांडता येतात, एवढेच गृहीत धरले आहे.

सूर ठरवताना बेसकडे पाहावे

गायक आपला सूर गळ्याच्या सोयीने ठरवतो. क्लबसाठी ट्रॅक करताना तो निर्णय स्पीकरच्या सोयीने घ्यावा लागतो. मोठ्या ध्वनियंत्रणेत साधारण ४० हर्ट्झच्या वरचा बेस जोरकस लागतो. त्याखाली बहुतेक ठिकाणी आवाज झपाट्याने विरतो. खर्जातील ई ४१.२ हर्ट्झला, एफ ४३.७ ला, जी ४९ ला आणि ए ५५ हर्ट्झला येतो. याउलट सी निवडला, तर त्याचा खालचा सूर ३२.७ हर्ट्झला जातो, जो कित्येक स्पीकर नीट देऊच शकत नाहीत. आणि वरचा ६५.४ हर्ट्झचा घेतला, तर छातीत जाणवणारे वजन कमी होते. ई ते ए या पट्ट्यात, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीन ते पांढरी सहा यांच्या दरम्यान, सा धरण्याचा फायदा हा असा आहे.

उदाहरणासाठी येथे ए मायनर ही स्केल घेऊ. पांढरी सहाला सा मानून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवत गेले, की सा, रे, कोमल ग, म, प, कोमल ध, कोमल नी असे स्वर मिळतात; शास्त्रीय संगीत शिकलेल्या वाचकाला हा आसावरी थाट लगेच ओळखू येईल. नवशिक्याने ही स्केल घ्यावी, कारण पियानो रोलमध्ये काळ्या पट्टीवर पडलेली नोट डोळ्यांनाच खटकते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्केलबाहेरच्या ओळी झाकण्याची किंवा नोट स्केलमध्ये ओढून घेण्याची सोय असते, आणि एबलटन लाइव्हच्या २०२४ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीत तर क्लिपलाच स्केल नेमून देता येते. ती खुशाल वापरावी. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते : सप्तकांचे क्रमांक सगळीकडे सारखे नसतात. एबलटनमध्ये ज्या सुराला सी ३ म्हणतात, त्यालाच एफएल स्टुडिओ सी ५ म्हणतो. एखाद्या शिकवणीच्या व्हिडिओत सांगितलेली नोट आपल्याकडे दोन सप्तके वर किंवा खाली लागली, तर कारण बहुधा हेच असते.

इतर स्केल्सपैकी दोन लवकर आत्मसात कराव्यात. काफी थाटाशी जुळणारी डोरियन स्केल, जिच्यात ध शुद्ध असतो, ती हाऊससाठी फार उपयोगी आहे, कारण तिच्यात चौथ्या सुरावरची कॉर्ड मेजर होते आणि ए मायनरवरून डी मेजरवर जाताना उदासपणात थोडी ऊब येते. भैरवी थाटाशी जुळणारी फ्रिजियन स्केल तिच्या कोमल रिषभामुळे काळोखी वाटते आणि ती टेक्नो व सायट्रान्सकडे झुकते. मेजर स्केल आनंदी आहे म्हणून टाळावी, हा समज मला पटत नाही; पण ती वापरताना कॉर्ड्स घरी, म्हणजे सा वरच्या कॉर्डवर, परतण्याचा मोह जास्त होतो, हे खरे.

चार कॉर्ड्स आणि सुरांचा कमीत कमी प्रवास

ए मायनर स्केलच्या प्रत्येक सुरावर एकाआड एक असे तीन स्वर रचले, की ए मायनर, बी डिमिनिश्ड, सी मेजर, डी मायनर, ई मायनर, एफ मेजर आणि जी मेजर या सात कॉर्ड्स तयार होतात. बी डिमिनिश्ड बाजूला ठेवावी; या संगीतात तिला फारसे काम नसते. उरलेल्या सहांतून ए मायनर, एफ, सी, जी ही फेरी हजारो ट्रॅकमध्ये ऐकू येते आणि शिकण्यासाठीही ती चांगली आहे.

नवशिक्या ही फेरी मांडताना प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर सर्वांत खाली ठेवतो. त्यामुळे तिन्ही नोटांचा संच एका जागेवरून उचलून दुसरीकडे आदळल्यासारखा वर-खाली उड्या मारतो आणि कॉर्ड्स एकमेकींना बिलगत नाहीत. यावर उपाय इन्व्हर्जनचा, म्हणजे त्याच तीन नोटा वेगळ्या क्रमाने रचण्याचा. खालून वर असे वाचत पुढील चार संच पियानो रोलमध्ये एकाच सप्तकाच्या आसपास मांडून पाहावेत : ए मायनरसाठी ई, ए, सी; एफसाठी एफ, ए, सी; सी मेजरसाठी ई, जी, सी; आणि जीसाठी डी, जी, बी. पहिल्या बदलात फक्त ईचा एफ झाला, तोही एकाच सेमीटोनने (काळ्या पट्ट्याही धरून लगतच्या पट्टीपर्यंतचे अंतर). दुसऱ्या बदलात वरचा सी जागेवर राहिला आणि बाकीचे दोन सूर एकेक पायरी उतरले. तिसऱ्यात जी तसाच राहिला. कोणताही सूर दोन सेमीटोनपेक्षा जास्त हललेला नाही आणि तरीही चार निरनिराळ्या कॉर्ड्स वाजल्या.

आता हीच फेरी एफपासून सुरू करावी : एफ, सी, जी, ए मायनर. कॉर्ड्स त्याच आहेत, पण सा वरची कॉर्ड आरंभी न येता शेवटी येते, आणि तिथवर जाताना डी, जी, बी हे तिन्ही सूर एकदम एकेक पायरी चढून ई, ए, सी होतात; त्या चढण्यातच उचल मिळते. श्रोता सावरून बसण्याच्या आतच फेरी पुन्हा एफवर जाते, आणि या सांध्यावर केवळ ई हा एक सूर सेमीटोनभर हलतो. सांधा कानाला कळतच नाही. पहिल्या मांडणीत फेरी घरातून निघते आणि घरातच येऊन थांबल्यासारखी वाटते. दुसऱ्या मांडणीत घर फक्त वाटेत लागते. फरक लहान दिसतो, पण चोविसाव्या आवर्तनाला तो फार मोठा असतो.

याच कारणासाठी ई मेजर ही कॉर्ड जपून वापरावी. पाश्चात्त्य अभिजात संगीतात आणि आपल्या अनेक चित्रपटगीतांतही ए मायनरच्या आधी ई मेजर येते. तिच्यातला जी शार्प, म्हणजे शुद्ध निषाद, सा कडे जोराने ओढतो आणि वाक्य पुरे झाल्याची खूण पटते. फेरीत ती दर वेळी आली, तर दर वेळी पूर्णविराम पडतो. ब्रेकडाउनच्या (ठेका थांबतो तो भाग) अखेरीस, ड्रॉपच्या (ठेका जोराने परततो ती जागा) अगदी आधी, ती एकदाच आणावी. तिथे ती ओढ हवीच असते.

वरच्या सुराची एक युक्ती येथे सांगितली पाहिजे. या चारही कॉर्ड्सवर सर्वांत वर जी हा एकच सूर धरून ठेवला, तर कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजता ए मायनरवर तो सातवा, एफवर नववा, सीवर पाचवा आणि जीवर मूळ सूर ठरतो. सूर हलला नाही, पण त्याचा रंग चार वेळा पालटला. ट्रान्समधील कित्येक धून याच पायावर उभ्या असतात : एक-दोन सूर स्थिर आणि खालची जमीन सरकती. धून रचताना आधी असा स्थिर सूर शोधावा आणि मग त्याच्या अवतीभवती दोन-तीन स्वर फिरवावेत.

बेस बदलला की कॉर्ड बदलते

हेच तत्त्व उलटे करून पाहावे. वरच्या बाजूला ए, सी, ई हे तीनच सूर आठ बार धरून ठेवावेत आणि खाली बेस क्रमाने ए, एफ, सी, डी असा बदलावा. एबरोबर ती साधी ए मायनर राहते. एफबरोबर ती एफ मेजर सेव्हन होते. सीबरोबर सी सिक्स. आणि डीबरोबर डी मायनर नाइनसारखी मोकळी, थोडी तरंगती कॉर्ड तयार होते. मेलोडिक टेक्नो आणि प्रोग्रेसिव्ह हाऊस यांत हा मार्ग चार स्वतंत्र कॉर्ड्स वाजवण्यापेक्षा अधिक शोभतो, असे माझे मत आहे, कारण वरचा पॅड, म्हणजे लांब धरलेला मऊ आवाज, शांत राहतो आणि हालचाल नाचणाऱ्याच्या पायाशी, म्हणजे बेसमध्ये घडते. याच्या अगदी विरुद्ध, बेस एकाच सुरावर ठेवून वरच्या कॉर्ड्स बदलल्या, तर ताण साठत जातो. बिल्ड-अपसाठी, म्हणजे ड्रॉपकडे चढत जाणाऱ्या भागासाठी, ते चांगले.

ए मायनरचा आणखी एक गुण येथे उपयोगी पडतो. ए ५५, एफ ४३.७, सी ६५.४ आणि जी ४९ हर्ट्झ, असे आपल्या फेरीतले चारही बेससूर एका अरुंद आणि जोरकस पट्ट्यात बसतात. डी मात्र ३६.७ किंवा ७३.४ हर्ट्झला येतो. त्यामुळे डीच्या बारला बेस अचानक हलका किंवा गायब वाटला, तर मिक्सचा दोष शोधत बसू नये. वरचा डी घेऊन त्याला किंचित सॅच्युरेशन (वरचे स्वरांश वाढवणारी हलकी विकृती) द्यावे. मोबाइलच्या स्पीकरवर ५५ हर्ट्झ ऐकूच येत नाही. सॅच्युरेशनमुळे ११०, १६५ हर्ट्झचे वरचे स्वरांश तयार होतात आणि कानाला मूळ सूर समजतो.

किकलाही, म्हणजे ड्रमच्या खालच्या ठोक्यालाही, सूर असतो. तिची शेपटी, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा आवाज, लांब असेल, तर ती सा किंवा पंचमाशी जुळवावी. शेपटी आखूड असेल, तर हा खटाटोप फारसा आवश्यक नाही. कॉर्ड्सच्या बाबतीत मात्र शिस्त हवी : मध्य सप्तकातल्या सीच्या एक सप्तक खाली, म्हणजे सुमारे १३० हर्ट्झच्या खाली, कॉर्डचा तिसरा स्वर (मूळ सुराला सा मानल्यास ग) ठेवू नये, कारण तिथे जवळजवळचे सूर गढूळ होतात. खाली मूळ सूर आणि फार तर पंचम. ग वर सरकवावा, आणि कॉर्डच्या ट्रॅकवर १५० ते २०० हर्ट्झच्या आसपास, त्याखालचा आवाज कापणारा हाय-पास फिल्टर लावावा.

आवाजाचा पोत पाहून कॉर्ड जाड करावी

किती सुरांची कॉर्ड घ्यावी, याचे उत्तर सिंथच्या (सिंथेसायझरच्या) आवाजावर अवलंबून असते. रोलँडच्या जेपी-८००० मुळे लोकप्रिय झालेल्या सुपरसॉमध्ये एकाच नोटेसाठी किंचित बेसूर केलेल्या सात सॉ-टूथ लहरी एकत्र वाजतात. पाच सुरांची कॉर्ड वाजवली, की ३५ लहरी एकमेकींवर आपटतात आणि रिव्हर्ब लावल्यावर सगळे धूसर होते. अशा आवाजाला तीन सुरांची साधी कॉर्ड द्यावी आणि मूळ सूर व पंचम वरच्या सप्तकात पुन्हा लावून ती रुंद करावी. डिस्टॉर्शन जास्त असेल, तर ग काढूनच टाकावा. याउलट इलेक्ट्रिक पियानो किंवा फिल्टरने वरचे स्वरांश कापलेला मऊ पॅड सातवे, नववे सूर आनंदाने पेलतो. ए मायनर नाइनमध्ये बी आणि सी शेजारी आले की थोडी कडवट चव येते. ती नको असेल, तर खालून सी, जी, बी, ई असे सूर पसरवावेत आणि ए बेसकडे सोपवावा.

डीप हाऊस आणि डेट्रॉइटच्या टेक्नोमधील कॉर्ड-स्टॅबची, म्हणजे झटक्यात वाजून थांबणाऱ्या कॉर्डची, गोष्ट वेगळी आहे. १९८१ मध्ये आलेल्या कॉर्ग पॉलिसिक्ससारख्या सिंथमध्ये एक कॉर्ड लक्षात ठेवून ती एका पट्टीवर वाजवण्याची सोय होती, आणि सॅम्पलरमध्ये तर एखादी कॉर्ड ध्वनिमुद्रित करून कोणत्याही पट्टीवर हलवता येते. हलवताना कॉर्डचा आकार बदलत नाही. ए मायनर सेव्हनचा आकार डी किंवा ईवर नेला, तर सगळे सूर स्केलमध्येच राहतात. एफवर नेला, की ए फ्लॅट आणि ई फ्लॅट हे परके सूर येतात, आणि जी किंवा सीवर नेला तरी तसेच होते. पुस्तकी नियमाने ही चूक आहे, पण त्या धुरकट आवाजाची ओळख नेमकी याच परक्या सुरांत आहे. दोन अटी पाळाव्यात : बेसही कॉर्डबरोबरच सरकवावा, आणि त्या वेळी वर धून वाजवू नये. स्केल हायलाइट करणारी आणि नोट ओढून घेणारी सोय अशा वेळी बंद ठेवावी, नाहीतर सॉफ्टवेअर नको ती दुरुस्ती करून ठेवते.

कॉर्ड कुठे पडते, हे ती कोणती आहे याइतकेच महत्त्वाचे असते. एका बारचे १६ भाग धरून १, ४, ७, १०, १३ आणि १५ या जागी स्टॅब टाकावेत, म्हणजे तीन-तीन-तीन-तीन-दोन-दोन अशी वाटणी होते. किक आपली चार ठोक्यांवर सरळ चालते आणि कॉर्ड तिच्याभोवती तिरकी धावते. नवी कॉर्ड बारच्या पहिल्या ठोक्याऐवजी दोन भाग आधी आणली, तरी फेरी पुढे ढकलल्यासारखी वाटते. नोटांची लांबी बदलून पाहावी. बरेचदा कॉर्ड चुकीची नसते, केवळ लांब असते.

ब्रेकडाउनमध्ये पूर्ण कॉर्ड्स उलगडाव्यात. ड्रॉपमध्ये मात्र बहुतेक वेळा बेस आणि वरचे एक-दोन सूर पुरेत, कारण बाकीचे सूर श्रोत्याच्या कानात आधीच बसलेले असतात. ड्रॉपपूर्वीच्या आठ बारमध्ये बेस काढून टाकावा आणि कॉर्डमधल्या गच्या जागी रे किंवा म ठेवावा. ए, बी, ई अशी कॉर्ड मेजरही ठरत नाही आणि मायनरही नाही, त्यामुळे पहिल्या किकबरोबर सी परत आला, की ताण सुटतो.

राग खाली कॉर्ड मागत नाही

मराठी निर्माते अनेकदा राग घेऊन येतात. थाट आणि स्केल यांचे साम्य ध्यानात ठेवावे, पण राग म्हणजे स्केल नव्हे. भूपाचे उदाहरण पाहू. सीला सा मानले, तर सी, डी, ई, जी, ए एवढेच स्वर हाताशी असतात आणि त्यांतून पूर्ण कॉर्ड्स दोनच निघतात : सी मेजर आणि ए मायनर. सवयीने एफ किंवा जी मेजर लावली, की भूपात नसलेले मध्यम आणि निषाद खालून शिरतात आणि वरची धून भूपाची राहत नाही. त्याऐवजी जी, सी, डी किंवा डी, जी, ए असे भूपातलेच सूर घेऊन सस्पेंडेड कॉर्ड्स (गच्या जागी रे किंवा म असलेल्या) कराव्यात. किंवा कॉर्डचा नाद सोडून सा-पंचमाचा आधार आणि चालता बेस ठेवावा. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. कॉर्ड्सच्या फेरीविना राग आणि ठेका यांचा संसार कसा चालतो, हे ऐकायचे असेल तर ते ध्वनिमुद्रण ऐकावे.

१९९० च्या दशकात अंजुण्याच्या किनाऱ्यांवरून जगभर गेलेल्या गोवा ट्रान्समध्येही कॉर्ड्स कमीच असतात. त्यात फ्रिजियन स्केलचे दोन प्रकार नेहमी भेटतात : एक भैरवीच्या स्वरांचा, आणि दुसरा शुद्ध गंधार असलेला, जो बसंत मुखारीच्या स्वरांशी जुळतो. सा ई धरला, तर दुसऱ्या प्रकारात ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी, डी असे स्वर येतात. १४५ बीपीएमच्या आसपास, प्रत्येक ठोक्याच्या चार भागांपैकी पहिल्यावर किक आणि उरलेल्या तिन्हींवर ईचा बेस ठेवावा. आठ बारनंतर एका बारपुरता बेस एफवर नेऊन परत आणावा. त्या एका सेमीटोनची हालचाल इथे चार कॉर्ड्सचे काम करते. रिषभावर आंदोलन हवे असेल, तर पिच-बेंड दोन सेमीटोनच्या मर्यादेत ठेवून हाताने चालवावा.

ट्रॅक दुसऱ्याच्या सेटमध्ये जाणार आहे

शेवटी डीजेचा विचार करावा लागतो. डीजे सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या कॅमेलॉट चक्रात, म्हणजे जुळणाऱ्या स्केल शेजारी मांडून त्यांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ए मायनरला ८ए म्हणतात. तिच्याशेजारी डी मायनर ७ए, ई मायनर ९ए आणि सी मेजर ८बी येतात. ए मायनर आणि ई मायनर यांत एका सुराचाच फरक आहे, एफऐवजी एफ शार्प, म्हणून हे दोन ट्रॅक एकमेकांत सहज मिसळतात. की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद असताना वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढवला, की सगळा ट्रॅक एक सेमीटोन वर चढतो, आणि मग काळजीपूर्वक जुळवलेली स्केलही बिनकामाची ठरते. यावर निर्मात्याच्या हातात एकच उपाय असतो. आरंभीचे आणि अखेरचे १६ ते ३२ बार किक, हाय-हॅट आणि तालवाद्यांपुरतेच ठेवावेत आणि पहिली कॉर्ड त्यानंतर आणावी, म्हणजे आधीच्या ट्रॅकच्या सुरांना बाहेर पडायला जागा मिळते. फाइलच्या नावात स्केल आणि बीपीएम दोन्ही लिहावे, कारण ध्वनी तपासून सूर ओळखणारी सॉफ्टवेअर मायनर आणि तिच्या जोडीची मेजर यांत गल्लत करतात, आणि एकाच सुरावर फिरणाऱ्या ट्रॅकमध्ये तर ती हमखास चुकतात.